मूठ वळा, मूठ सोडा

शौचाच्या तपासणीसाठी आम्ही पेशंटला प्लास्टिकची एक छोटी डबी देतो. झाकणाला आतून इवलासा चमचा असतो. शेंगदाण्याएवढा नमुना पुरे, असं तोंडीही सांगतो. पेशंट मान डोलावतो, डबी खिशात टाकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा घेऊन हजर होतो. भरून.

"तुमची डबी फारच बारकी हो ताई. म्हटलं, कमी पडायला नको."

दिलेली डबी कुठे गेली असं विचारलं, तर ती बायकोने कुंकवाला ठेवून घेतलेली असते. नवीकोरी होती, वाया कशाला घालवायची!

हा डबा आधी वर्तमानपत्रात, मग दोन कॅरीबॅगांत आणि सगळ्यात वर कापडदुकानाच्या पिशवीत गुंडाळलेला असतो. काउंटरवर ठेवण्याआधी माणूस इकडेतिकडे बघतो, मागच्या चारजणांना "तुम्ही घ्या आधी" म्हणून पुढे सोडतो आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणतो, "ते... आणलंय." माझ्या सिनिअरांच्या काळात हाच माल काड्यापेटीतून यायचा. काड्यापेटीचा मोठा गुण असा, की प्रमाण आपोआप राखलं जायचं.

तर तो डबा हातात घेताना, पिशवीवरच्या हसऱ्या नवरा-नवरीकडे बघताना आणि "नाव? वय?" विचारताना आपल्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलता कामा नये. लॅब टेक्निशियन होण्याची ही पहिली पात्रता. डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात ती कुठेही छापलेली नाही. बाकी सगळं शिकवतात. चेहरा ज्याचा त्याने कमवायचा.

मी या लाइनीत आले ती मामांमुळे. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाल्यावर बी.एड. करावं की एम.एस्सी., असा घरात खल चालला होता. मामा म्हणाले, "डी.एम.एल.टी.ला घाला तिला. जगात दोनच धंद्यांना मरण नाही. एक मयताच्या सामानाचं दुकान आणि दुसरी लॅब. त्यातल्या त्यात लॅब बरी." वडिलांना हे पटलं. आईला 'लॅब म्हणजे फोटोची का' एवढंच विचारायचं होतं.

नातेवाइकांना हा व्यवसाय समजावून सांगणं फार अवघड जातं. 'रक्त तपासते' म्हटलं तर 'म्हणजे डॉक्टर?' आणि 'डॉक्टर नाही' म्हटलं तर 'म्हणजे नर्स?' यांच्या मध्ये काही असू शकतं, हे पटवेपर्यंत पंगत उठलेली असते. लॅबमध्येही तीच तऱ्हा. पांढरा कोट घातलेला पुरुष असला तर तो डॉक्टर आणि पांढरा कोट घातलेली बाई असली तर ती सिस्टर. आमचा शिपाई थंडीच्या दिवसांत जुना कोट चढवून दाराशी बसायचा, त्यालासुद्धा लोक वाकून नमस्कार करून दुखणं सांगायला सुरुवात करत. तोही शांतपणे ऐकून घ्यायचा आणि शेवटी "आत जा" म्हणायचा. पुष्कळांना तेवढ्यानेच बरं वाटायचं.

माझ्या लग्नाच्या वेळी मात्र या शिक्षणाचा उपयोग झाला. बघण्याच्या कार्यक्रमात पोहे संपले, नाव-गाव-छंद विचारून झाले आणि मुलाच्या आईने एकदम हात पुढे केला. "माझी शीर कुणालाच सापडत नाही बाई. तुला दिसते का बघ." दिसली. पुढे लग्नही जमलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं सासूबाई अजून मानतात.

डिप्लोमाला पहिली गाठ पडली ती साहलीच्या हिमोग्लोबिनोमीटरशी. आता ही वस्तू कपाटात गेली, पण आमच्या वेळी तिच्याशिवाय पान हलत नव्हतं. काचेच्या बारीक नळीत पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घ्यायचं, त्यात २० क्युबिक मिलिमीटर रक्त सोडायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. रक्ताचा रंग गडद तपकिरी होतो. मग थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर घालत तो शेजारच्या काचपट्टीच्या रंगाशी जुळवायचा आणि जुळला की आकडा वाचायचा. आता रंग जुळला की नाही, हे ज्याच्या त्याच्या डोळ्यावर. मॅचिंग सेंटरच्या पायऱ्यांवर आईबरोबर दुपारच्या दुपारी काढलेल्या आम्ही मुली इथे हमखास बाजी मारायचो. मुलगे मात्र पाणी घालतच राहायचे, आणि जितकं पाणी जास्त तितका आकडा वर. सर म्हणायचे, "अरे बाबा, पेशंटचं हिमोग्लोबिन मोजायचंय, तुझा आशावाद नाही."

त्यानंतर न्यूबॉवर चेंबर. जाड काचेवर कोरलेला बारीक चौकोनांचा पट. रक्त वीसपट पातळ करायचं, मायक्रोस्कोपखाली चार कोपऱ्यांतल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि आलेल्या आकड्याला ५० ने गुणायचं. म्हणजे मोजताना एक पेशी निसटली की कागदावरून पन्नास पळाल्या. चौकोनाच्या रेषेवरच बसलेल्या पेशींचं काय करायचं, याचाही नियम आहे. डाव्या आणि वरच्या रेषेवरच्या आपल्या, उजव्या आणि खालच्या रेषेवरच्या सोडून द्यायच्या. इतका सरळ सीमाप्रश्न आमच्या कोल्हापूर-बेळगावच्या बाजूला दुसरा कुणी सोडवलेला मला माहीत नाही.

पातळ करायच्या त्या द्रावणाला टर्क्स फ्लुइड म्हणतात. त्यात ॲसेटिक ॲसिड असतं आणि त्या काळी ते रबरी नळी लावून चक्क तोंडाने पिपेटमध्ये ओढायचं असे. ओढ जरा जास्त झाली की संपलं. गावात चायनीजच्या गाड्या येण्याच्या कितीतरी आधी आमच्या बॅचला व्हिनेगरची चव पाठ होती. आता तोंडाने ओढायला सक्त मनाई आहे, ते बरंच झालं. पेशी मोजायला बसलो की मध्येच कुणाला तरी बेसोफिल दिसायचा. शंभर पांढऱ्या पेशींत हा एखादा सापडला तर सापडला, नाहीतर नाहीच. त्यामुळे तो दिसला की अख्खी बॅच त्या मायक्रोस्कोपभोवती गोळा व्हायची, एकेक जण डोळा लावून जायचा आणि तेवढ्यात कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागून तो हरवायचा.

रक्तगटाच्या तासाला मात्र सर खुर्चीवर बसत नसत. ए, बी, ओ ही विभागणी कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली व्हिएन्नात केली, एवढं ते एका दमात सांगून टाकायचे. मग खडू खाली ठेवायचा, चष्मा पुसायचा आणि मुंबईवर यायचं. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असं रक्त शोधून काढलं, जे साध्या तपासणीत 'ओ' दिसतं पण त्या माणसाला 'ओ' रक्तही चालत नाही. 'ओ' गटाच्या पेशींवर एच नावाचा एक पदार्थ असतो, तो या माणसांकडे नसतोच. त्यांना त्यांच्यासारख्याच माणसाचं रक्त लागतं, आणि तशी माणसं आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक. जगभरच्या पुस्तकांत हा 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं. रक्तगटाकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही, आणि मीही हे फार मोठ्याने बोलत नाही.

रक्त काढायचा सराव कुणावर करायचा? एकमेकांवर. पहिले काही दिवस आमच्या सगळ्यांच्या हातांवर निळे-हिरवे डाग होते आणि बसमधल्या बायका आमच्याकडे दयेने बघायच्या. बॅचमध्ये एक मुलगा होता. दिसायला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. पण कोपराच्या आतल्या बाजूला शीर अशी ठसठशीत, की वीज गेली तरी सापडावी. त्याच्यापुढे मुलींची रांग लागायची. त्याचा बिचाऱ्याचा गैरसमज झाला. तो नवे शर्ट घालून यायला लागला, तेही अर्ध्या बाह्यांचे.

एकदा ही नजर बसली की बसली. एसटीत वरची दांडी धरून कुणी उभा असला की माझं लक्ष आधी त्याच्या हाताकडे जातं. चेहरा नंतर, तोही आठवणीत राहील याची खात्री नाही. लग्नात नवरी मेंदी दाखवते आणि मी मनगट उलटं करून बघते. आमच्या नात्यात दोन-तीन बायका आता मला मेंदी दाखवत नाहीत.

सुईला कोण भितं, याबद्दल लोकांच्या फार चुकीच्या कल्पना आहेत. लहान मुलं रडतात, पण हात देतात. म्हाताऱ्या बायका सुईकडे टक लावून बघतात आणि वर सूचना करतात. घाबरतो तो पैलवान. आमच्याकडे तालमीतली पोरं येतात, दंड असा की पट्टा पुरत नाही. लाल मातीत आजवर कुणी ज्याची पाठ लावली नाही, तो सुईचं टोपण काढल्याबरोबर आपण होऊन बाकावर पाठ टेकतो. बरोबरचे दोस्त त्याचा फोटो काढतात. म्हणून अशांना आम्ही आधीच आडवं करतो आणि 'बीपी बघायचंय' असं सांगतो. मान राहतो.

टोचण्याची खरी कला सुईत नाही, प्रश्नात आहे. "मूठ वळा" म्हणायचं, शीर बोटाने चाचपायची, स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि सुई आत जायच्या नेमक्या क्षणी विचारायचं, "ऊस गेला का?" माणूस ताबडतोब कारखाना, टोळी आणि तोडणीचा मुकादम यांचा उद्धार करायला लागतो आणि तो मुकादमापर्यंत पोचेस्तोवर नळी भरलेली असते. "मूठ सोडा." बायकांना ऊस चालत नाही. त्यांना "सून आली का बाळंतपणाहून?" विचारायचं. फक्त उत्तर लांबतं, आणि मागची रांग ओरडते.

नळ्या दिसल्या की नवा वाद. "तीन नळ्या? एवढं रक्त? हे भरून यायला किती दिवस लागतील?" माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि आम्ही घेतो दोन चमचे, हे सांगून उपयोग होत नाही. उरलेल्या रक्ताचं आम्ही काय करतो, याबद्दल गावात जे बोललं जातं ते इथे लिहीत नाही. वेगवेगळ्या रंगांची टोपणं मात्र हौस म्हणून नसतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, पेशी मोजायला ती लागते. निळ्या टोपणात सायट्रेट, रक्त गोठायला किती वेळ लागतो हे बघायला. साखरेसाठी करड्या टोपणाची, तिच्यात फ्लोराइड. कारण रक्तातल्या पेशी नळीत गेल्यावरही साखर खायचं थांबवत नाहीत. साध्या नळीत ठेवलं तर तासाला पाच ते सात टक्के साखर फस्त करतात. म्हणजे रक्त साध्या नळीत दुपारपर्यंत विसरलं, तर पेशंटचा मधुमेह स्टँडवर उभ्या उभ्या बरा व्हायला लागतो. पेशंटची याला काहीच हरकत नसते, पण डॉक्टरांची असते.

साखरेच्या पेशंटांशी बोलायला वेगळीच चिकाटी लागते. उपाशीपोटी या, असं आम्ही ठळक अक्षरांत लिहून देतो.

"काही खाल्लं नाही ना?"

"छे!"

"चहा?"

"चहा घेतला की. चहा काय खातात होय?"

"चहाबरोबर?"

"दोन खारी. पण बुडवून."

चतुर्थीला आणखी गंमत. साबुदाण्याची खिचडी, वर केळं, आणि समोर बसून छातीवर हात ठेवून सांगायचं, "आज माझा कडकडीत उपास आहे." मला यावर काही बोलता येत नाही, कारण आमच्या घरीही उपास असाच असतो. तपासणीच्या आदले दोन दिवस कारल्याचा रस पिऊन येणारे वेगळेच. त्यांची चलाखी एचबीएवनसीने उघडी पाडली. ती तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांचा हिशेब दाखवते, त्यामुळे दिवाळीतला अनारसा पौषातसुद्धा सापडतो. या तपासणीबद्दल आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांचं मत चांगलं नाही.

हल्ली पेशी यंत्र मोजतं. सकाळी त्याला आधी कंट्रोल पाजायचं, म्हणजे ज्याचे आकडे ठरलेले आहेत असा नमुना. ते बरोबर आले तरच पेशंटच्या नळ्या लावायच्या. मिनिटाभरात कागद बाहेर. पेशी संशयास्पद वाटल्या की यंत्र खुणेचा झेंडा लावतं आणि हात वर करतं. मग पुन्हा काचपट्टी, पुन्हा लीशमन स्टेन, पुन्हा आम्ही आणि तोच मायक्रोस्कोप. यंत्रामुळे काम कमी झालं असं मालक म्हणतात. यंत्रामुळे झालं एवढंच, की कागदावर आकडे वाढले आणि त्यातले काही ठळक छापले जायला लागले. ठळक आकडा दिसला की रात्री दहाला चुलत दिरांचा फोन येतो. "वहिनी, एमसीएचसी अर्ध्याने कमी आहे. काय खाऊ?"

घरी जाऊन रक्त घेण्याची सोय आली तेव्हा मला वाटलं, आता मान वाढेल. २०२१ साली तर संसदेने आमच्यासारख्यांसाठी कायदाच केला, राष्ट्रीय आयोगासकट. त्या कायद्याची प्रत अपार्टमेंटच्या वॉचमनपर्यंत पोचलेली नाही.

"कुठून आलात?"

"लॅबमधून. चौथ्या मजल्यावरच्या काकांचं रक्त न्यायचंय."

"न्यायचंय? मग मागच्या लिफ्टने. पुढची फक्त आणणाऱ्यांना."

पण पुन्हा त्या चेहऱ्याकडे येते, कारण सगळं तिथेच अडतं. रिपोर्टवर सही कुणाची, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या, नोंदणी असलेल्या डॉक्टरची. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यावर तोंड पाडलं; मला स्वतःला ते योग्य वाटलं. आकडा काढणं वेगळं आणि त्याचा अर्थ लावणं वेगळं. पण अडचण अशी, की आकडा आम्हाला आधी दिसतो आणि पेशंट बाकावर बसून आमच्याकडे बघत असतो. त्याला कायदा माहीत नसतो. त्याला आमचा चेहरा दिसतो.

एखाद्या पोराच्या काचपट्टीवर ज्या पेशी बाहेर रक्तात यायलाच नकोत त्या दिसतात. कच्च्या, मोठ्या, एकामागून एक. उठून आतल्या खोलीत पॅथॉलॉजिस्ट मॅडमना दाखवायचं आणि बाहेर येऊन त्याच्या आईला उरलेले वीस रुपये परत करायचे. "संध्याकाळी या. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा." पुढच्या मिनिटाला एक सासूबाई सुनेच्या लघवीच्या तपासणीचा निकाल विचारायला येतात, त्यांनाही त्याच आवाजात तेच वाक्य. "डॉक्टरांना दाखवा." आवाजात तसूभर फरक पडला तर गावभर बारशाची बोलणी सुरू होतील.

लोकांनी मात्र या वाक्याचंही व्याकरण बसवलेलं आहे. "डॉक्टरांना दाखवा" म्हटलं की लगेच उलट प्रश्न, "आजच, की सवडीने?" 'आजच' म्हटलं की बाकावरच रडारड. 'सवडीने' म्हटलं की रिपोर्ट सहा महिने देवघरात. मी हल्ली नुसतं "दवाखाना पाचला उघडतो" असं सांगते. यातून अजून कुणाला काही काढता आलेलं नाही.

एका आजींचा अपवाद. दर महिन्याला पदराच्या गाठीत पैसे बांधून साखर तपासायला येतात, शेजारी बसून निकालाची वाट बघतात. मी आकडा लिहिला, वही मिटली आणि खिडकीबाहेर बघितलं.

"वाढलीया न्हवं?"

"मी कुठं काय बोलले, आजी?"

"त्येच तर. कमी असती तर बोलली असतीस."

"डॉक्टरांना दाखवा. आणि जेवणानंतरचं रक्त द्यायला बरोबर दोन तासांनी या."

"जेवणानंतरचं उद्या घे," आजी चप्पल शोधत म्हणाल्या. "नातीचं बारसं हाय. आजच्या जेवणात जिलबी हाय."